कोठाराच्या दाराची चार भोकं

१४ जून

एकटी आली! सायकलवर, चिंब भिजून, पाठीवर घराएवढी पिशवी. डेन्मार्कची. नाव मेरेते, वय पस्तिशीचं, दवाखान्यात नर्स आहे. चार दिवस राहते म्हणाली. हे डेन्मार्कवाले तोंडात गरम बटाटा धरल्यासारखे बोलतात, म्हणून तिला तीनदा विचारलं, किती दिवस? खरं तर पहिल्यांदाच कळलं होतं. उगाच, गंमत.

कोठार दाखवलं. आता नावालाच कोठार. माझा नवरा ओद्वार जिवंत होता तेव्हाच त्यानं आत खाट, शेगडी, पडदे सगळं करून ठेवलं. तिनं खाट बघितली नाही, खिडकीतून फ्योर्ड, एवढी डोंगरांमधली खाडी, बघितली नाही. दार बघितलं. म्हणाली, किल्ली?

किल्ली! या गावात किल्ली एकट्या चर्चला, आणि तीसुद्धा दारालाच लटकलेली असते. म्हटलं, बाई, इथं एकट्या बाईला धोका एकच — शेजारची स्वानहिल्ड. कॉफी पाजून पाजून मारते.

हसली ती. पण मी पायऱ्या उतरतेय तोवर खुर्ची ओढून दाराला लावल्याचा आवाज आला. मी ऐकलंच नाही असं दाखवलं. पण ऐकलं!

१५ जून

सकाळी साडेसातला किंकाळी. मग शिट्टी — खेळाच्या मास्तरांची असते तसली, कान फाटेल अशी. मी पायात रबरी बूट, अंगात झोपायचा झगा, तशीच पळाले.

कोठाराच्या दारात स्वानहिल्ड. खुर्ची आडवी पडलेली. वॅफल जमिनीवर, ताट पायरीवर, आणि माझी काळी कोंबडी तपकिरी चीज खाण्यात दंग. आत मेरेते, हातात सायकलचा पंप, मारायच्या तयारीत. स्वानहिल्ड एवढंच म्हणत होती, "मी वॅफल आणली होती गं, फक्त वॅफल." मला इतकं हसू आलं की पायरीवर बसावं लागलं. दोघींनीही माझ्याकडे रागानं बघितलं. एकमेकींवरचा राग तिथंच संपला त्यांचा.

आता हिला कसं समजवायचं? आमच्याकडे दार वाजवत नाहीत. आत यायचं, बूट काढायचे, हाक मारायची. दार वाजवतो तो जप्तीवाला, नाहीतर कुणी गेलं की पाद्री. आणि माझा ओद्वार! तो कोंबड्यांच्या खुराड्याचंसुद्धा दार वाजवायचा. गाव त्याला टकटक्या म्हणायचं. मी शेहेचाळीस वर्षं चिडवलं त्याला — काय, कोंबड्या म्हणाल्या का, या आत? तो नुसता हसायचा. दुसऱ्या दिवशी परत टकटक.

स्वानहिल्डचं मात्र एक गमतीचं आहे. कोठारात जोडपं उतरलं तर ही फिरकत नाही. एक वॅफल कधी आणली नाही जोडप्याला. बाई एकटी असली की दुसऱ्या दिवशी साडेसातला ताट घेऊन हजर. मी तिला एकट्या बायकांची नणंद म्हणते. तिचं उत्तर ठरलेलं. झोप लागली का ते बघायला नको का कुणी?

१६ जून

महिला मंडळ पत्रक काढतंय, बाहेरून येणाऱ्यांसाठी. मंडळाची अध्यक्ष कोण, तर स्वानहिल्ड. त्यात एक मजकूर एकट्या प्रवास करणाऱ्या बायकांसाठी हवाय — इथं सुरक्षित आहे का वगैरे. पाहुण्या माझ्याकडे उतरतात म्हणून चार ओळी मी लिहायच्या. तेविसाला सेंट हान्सची शेकोटी पेटते, त्याच्या आधी.

मी! माझी शाळा एक दिवसाआड भरायची, तीही सातवीपर्यंत. तरी लिहिलं. "इथे येताना शिट्टी आणू नये, कोंबड्या दचकतात."

स्वानहिल्डनं चष्मा लावून वाचलं नि काट मारली. म्हणाली, चेष्टा पुरे. सरळ लिही, इथे कधी काही झालं नाही. बस.

१७ जून

मेरेतेनं हाक मारून बोलावलं. दाराच्या आतल्या बाजूला, खांद्याएवढ्या उंचीवर बोट फिरवत होती. "ओस्ने, इथं आधी कडी होती."

चार भोकं. लांबी भरून वरून रंग दिलेला. ऊन तिरकं पडतं तेव्हाच दिसतात. हे दार मी स्वतः दोनदा रंगवलंय. मला दिसली नाहीत! आणि मी म्हणे चौकस.

ती म्हणाली, चोरासाठी लावतात ती बाहेरून. ही आतल्या माणसानं लावलेली.

मग मी विचारूनच टाकलं. तुला नेमकी भीती कसली वाटते? मला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी कधी कुठं एकटी गेलेच नाही. बर्गनला एकदा, दातासाठी, तेही ओद्वारबरोबर. तिनं जरा विचार केला. म्हणाली, "भीती नाही वाटत. कडी असली की मी दाराचा विचार करत नाही. नसली की रात्रभर दाराचाच विचार करते. एवढंच."

एवढंच. पण माझ्या डोक्यात घोळतंय. त्या कोठारात रात्रभर दाराचा विचार कोण करत होतं?

१८ जून

मेरेते गेली. जाताना दाराखाली सरकवायची रबरी पाचर, पहिल्या रात्री पिशवीच्या तळाशीच राहिलेली, मला देऊन गेली. म्हणाली, तुम्ही कुठं निघालात तर. कुठं निघणार मी! घेतली तरी. रबर छान आहे.

दुपारी स्वानहिल्डकडे. सहज विचारल्यासारखं विचारलं, माझ्या लग्नाआधी कोठारात कोण झोपायचं गं? म्हणाली, उन्हाळ्यात गुरं बघायला पोरी यायच्या, त्या. कोण पोरी? किती आल्या नि गेल्या, कोण लक्षात ठेवतंय. आणि ती कडी? "कसली कडी," म्हणाली, आणि माझ्या रूबार्बला यंदा कीड लागली का ते विचारायला लागली.

ही स्वानहिल्ड! पंचक्रोशीतल्या गाईंची तीन पिढ्यांची नावं हिला पाठ. आणि पोरी आठवत नाहीत?

१९ जून

पाऊस. माळा उपसला. धूळ, ओद्वारची जुनी स्की, मेलेली वटवाघळं दोन. बाकी काही नाही.

२० जून

सापडली.

ओद्वारच्या हत्यारांच्या पेटीत, अगदी खाली. मेणकागदात गुंडाळून वर सुतळी. लोखंडी कडी, चार स्क्रू. कागदावर सुतारी पेन्सिलनं लिहिलेलं — त्याचंच अक्षर, ओळखू येतं — "डाग्नी, १९६२".

पळत जाऊन दाराला लावून बघितली. चारी भोकं बरोब्बर.

शोध लागला म्हणून आधी आनंद झाला. खरंच झाला. मग कागद परत वाचला. बासष्ट साली ओद्वार सतरा वर्षांचा होता. कोण ही डाग्नी? तिच्या दाराची कडी काढून माझा नवरा पन्नास वर्षं लपवून का ठेवेल?

२१ जून

आज चेष्टा सुचत नाही.

त्याची खुर्ची समोर आहे. मी तिच्याकडे पाठ करून जेवले. एक गोष्ट मनात येतेय. ती लिहायची नाही असं ठरवलं होतं. लिहितेच. इथं कुणी दार वाजवत नाही. तो वाजवायचा. आयुष्यभर. एकदा कधी न वाजवता आत गेलेला माणूस असं करेल का?

झालं. लिहिलं.

संध्याकाळी स्वानहिल्डला सरळ विचारलं, डाग्नी कोण? तिनं विणकाम खाली ठेवलं. म्हणाली, माझी मावसबहीण. बासष्टच्या उन्हाळ्यात तुमच्या घरी कामाला होती. मध्येच सोडून गेली. मी विचारलं, का सोडून गेली?

"जुनं झालं ते, ओस्ने. इथं कधी काही झालं नाही."

मी हलले नाही. तिथंच बसून राहिले. मग तिनं वर्तमानपत्राच्या कडेला एक नंबर लिहिला, तेवढा तुकडा फाडून दिला. "तिकडे उत्तरेत, बोडोला असते. मला विचारू नकोस. तिला विचार." आणि कॉफी न देता मला घालवलं. साठ वर्षांत पहिल्यांदा.

२२ जून

नंबर फ्रिजला लावलाय. दोनदा फोन उचलला. दोनदा ठेवला. खरं असलं तर त्याच्या कबरीवरच्या फुलांना पाणी कोण घालणार — मी?

२३ जून

केला.

आवाज घोगरा, पण खणखणीत. मी म्हटलं, मी ओस्ने, ओद्वारची बायको.  मला वाटलं, आता ठेवणार फोन. मग म्हणाली, "टकटक करायचा, तो ओद्वार?"

हो म्हटलं. तीच बोलत राहिली. जसं आठवतंय तसं लिहिते.

ती अठरा वर्षांची होती. जेवणं झाली की माझे सासरे कोठाराकडे यायचे. दार वाजवायचे नाहीत — मालक! ती पाठ लावून दार धरून ठेवायची. कधी धरवायचं, कधी नाही. सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, तुला स्वप्न पडलं असेल. ओद्वारला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं एकदा बघितलं. दुसऱ्या दिवशी गावातून कडी आणून बसवली, बापासमोर, भर दुपारी. तिसऱ्या दिवशी बापानं ती त्याच्याच हातानं काढायला लावली. तिच्या देखत.

"मग तो घोंगडी घेऊन पायरीवर झोपायला लागला," डाग्नी म्हणाली. "माझी बस येईपर्यंत. नऊ रात्री. आडवा व्हायच्या आधी दार वाजवायचा नि सांगायचा — मी आहे, आत येत नाही."

टकटक्या! शेहेचाळीस वर्षं मी ज्यावर हसले, ते हे होतं. आणि परवापासून मी त्याच्याबद्दल काय काय मनात आणलं. पाठ करून जेवले त्याच्याकडे. मला का नाही सांगितलंस रे? पण मी तरी कधी विचारलं? फक्त चिडवलं.

सासऱ्यांना लकवा झाल्यावर आठ वर्षं मी सूप भरवलं. ओद्वार कधी भरवायचा नाही. मी त्याला दगड म्हणायचे. म्हाताऱ्याचा फोटो आज बैठकीतून काढला. भिंतीवर पांढरा चौकोन राहिलाय. राहू दे.

मग लांबी खरवडली. त्याच्याच स्क्रूड्रायव्हरनं त्याचीच कडी त्याच्याच चार भोकांत बसवली. चौथा स्क्रू जरा वाकडा गेला. चालेल.

पत्रकाच्या ओळीही लिहिल्या. "कोठाराच्या दाराला आतून कडी आहे. सकाळी साडेसातला वॅफल मिळतात. आणणारी दार वाजवेल." खाली डाग्नीनं सांगितलेलं सगळं, जसंच्या तसं — पत्रकासाठी नाही, स्वानहिल्डसाठी. तिच्या टपालपेटीत टाकून आले. खाली किनाऱ्यावर सेंट हान्सची शेकोटी पेटलीय, गाव तिथं आहे. मी नाही गेले.

२४ जून

सकाळी साडेसातला टकटक. मी दचकले. कोण मेलं?

दारात स्वानहिल्ड. हातात वॅफलचं ताट. म्हणाली, "आत येऊ का?" मग आलीच नाही. ताट माझ्या हातात दिलं नि कोठाराकडे बघत म्हणाली, "डाग्नी गेल्यावर पुढच्या उन्हाळ्यात तिथं मी होते, ओस्ने. कडी नव्हती. ओद्वारला बापानं बोटीवर पाठवलं होतं."

 ती अंगण ओलांडून गेली, आत शिरली, दार लावलं. कडी सरकल्याचा आवाज इथवर आला.

मी ताट घेऊन मागोमाग गेले. दार वाजवलं. म्हटलं, मी आहे, आत येत नाही. आणि पायरीवर बसले.