मागच्या बाजूचे हातमोजे

३ ऑगस्ट, सोमवार

पोचले. बॅगेचं एक चाक स्टेशनवरच निखळलं, त्यामुळे उरलेली वाट बॅग लंगडत आली आणि मी हसत. पीएच.डी.च्या दोन जागा, दोनशे सत्तर अर्ज, आणि त्यातली एक जागा माझी. हे वाक्य आज मनात इतक्यांदा घोळवलंय की गुळगुळीत झालं असेल.

ही वही बाबांनी दिली. दुकानातली, दुरुस्तीच्या नोंदींची, लांबट, लाल पाठीची. पहिल्या पानावर त्यांनी लिहिलंय: 'रोज चार ओळी. खोटं लिहायचं नाही.' बाबा रेडिओ दुरुस्त करतात. अजूनही करतात आणि अजूनही कोणीतरी आणून देतं. मी प्लॅस्टिकसारख्या पदार्थांतून वीज वाहती करणार, हे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, अगं, मग आम्ही जन्मभर तारेवर प्लॅस्टिक कशाला चढवत बसलो?

गाडी सुटताना खिडकीतून हात धरून तीनदा दाबला. लहानपणी रस्ता ओलांडताना दाबायचे तसा. तीनदा म्हणजे, आहेस ना? मी उलट दोनदा दाबायचे: आहे. त्यांच्या डाव्या अंगठ्याचं वरचं पेर वाकडं आहे, कधीकाळी त्यावर ट्रान्सफॉर्मर पडला होता. त्यामुळे त्यांचा हात डोळे मिटूनही ओळखू येतो.

५ ऑगस्ट, बुधवार

आज प्रयोगशाळा पाहिली. मॅडम, म्हणजे माझ्या मार्गदर्शक, दोन-दोन पायऱ्या चढतात आणि चढता चढताच बोलतात, त्यामुळे अर्धं बोलणं वरच्या मजल्यावर पोचतं. बाकी सगळं दाखवलं ते 'आजोबां'नी. वय तेहतीस, पण पीएच.डी.चं सातवं वर्ष चालू आहे, म्हणून सगळे त्यांना आजोबा म्हणतात. ते स्वतःही म्हणतात. त्यांच्या ड्रॉवरमध्ये चिमट्यांच्या शेजारी लहान मुलाचा एक लाल बूट होता. कोणाचा म्हणून विचारलं, तर म्हणाले, ड्रॉवरबरोबरच आला असेल. हसले, आणि मग जरा वेळ त्याच्याकडे बघतच राहिले.

माझी पेटी पाच नंबरची. काचेचं आणि स्टीलचं कपाट, आत नायट्रोजन, कारण आमच्या फिल्मना, म्हणजे काचेवर दिलेल्या पातळ थरांना, हवा सोसत नाही. काम करायचं ते काचेत बसवलेल्या लांब काळ्या रबरी हातमोज्यांत हात घालून. आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त, म्हणून रिकामे हातमोजे फुगून बाहेर येतात आणि आडवे ताठ होतात. 'कडेवर घे' म्हणणाऱ्या मुलाच्या हातांसारखे. एक जोडी पुढे, एक मागे. मागची बाजू भिंतीला लागून आहे, मध्ये जेमतेम चार बोटं जागा. तिथे माणूस उभाच राहू शकत नाही, त्यामुळे ते हातमोजे भिंतीवर चेपून बसलेत.

नियम एकच: हात आत गेले की फिल्म पूर्ण होईपर्यंत बाहेर काढायचे नाहीत. फोन दाराजवळच्या ट्रेमध्ये.

१९ ऑगस्ट, बुधवार

बाबा रोज अकराला दुकानातून फोन करतात. आज त्यांना डोपिंग समजावलं. फिल्ममध्ये दुसऱ्या पदार्थाचे चिमूटभर रेणू मिसळायचे. तो रेणू शेजाऱ्याचा एक इलेक्ट्रॉन काढून घेतो आणि मागे रिकामी जागा राहते. ती भरायला पलीकडचा रेणू आपला इलेक्ट्रॉन देतो, मग रिकामी जागा त्याच्याकडे. अशी ती जागाच चालत जाते, आणि तिच्या चालण्यालाच करंट म्हणायचं.

बाबा म्हणाले, म्हणजे ही खिसेकापूंची गल्ली झाली. याचं गेलं म्हणून यानं त्याचं मारलं, त्यानं पुढच्याचं. शेवटी सामान जागेवर, आणि रिकामा खिसा गावभर फिरतोय. मॅडमच्या चाळीस स्लाइडपेक्षा हे बरं. मी चिडले, की एवढं सोपं नसतं ते. तर म्हणाले, उडाला आमचा फ्यूज. लहानपणापासून मला फ्यूजच म्हणतात. चटकन उडते म्हणून.

फिल्मची वाहकता आज अकरा आली. मॅडमना शंभर हवी आहे.

१४ सप्टेंबर, सोमवार

अकरा वाजता फोन थरथरला. हात पेटीत होते. फिल्म हॉटप्लेटवर, सात मिनिटं बाकी. मी मनात म्हटलं, थांबा हो बाबा, सातच मिनिटं.

तीनदा वाजला. मग थांबला.

दुकानाशेजारच्या घड्याळवाल्या काकांना बाबा खुर्चीत सापडले. रिसीव्हर मांडीवर होता. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

फिल्म चांगली आली होती.

२ ऑक्टोबर, शुक्रवार

परत आले. आई म्हणाली, जा, घरी बसून काय करणार आहेस, त्यांना तुझं तिथे असणं आवडायचं. मी तिला सात मिनिटांचं सांगितलं नाही. इथे लिहितेय, कारण खोटं लिहायचं नाही.

आजोबांनी चहाचा कप पुढे ठेवला. मॅडम पहिल्यांदा जिन्यात थांबून बोलल्या.

५ ऑक्टोबर, सोमवार

हे नीट, क्रमानं लिहिते.

अकराला मी पेटीत काम करत होते. मागच्या डाव्या हातमोज्याची बोटं हलली. मग तो आत वळू लागला. दाबाच्या विरुद्ध तो आपोआप वळूच शकत नाही, मागून कोणीतरी त्यात हात घातल्याशिवाय. तो भरला. मनगट, तळवा, बोटं. अंगठ्याचं वरचं पेर वाकडं.

माझ्या हातावर आला आणि तीनदा दाबलं.

मी किंचाळायला हवं होतं. मी दोनदा दाबलं आणि काचेवर कपाळ टेकून रडले. मग धावत कडेला जाऊन मागे डोकावले. चार बोटं जागा, भिंत, धूळ. हातमोजा चेपलेला.

आजची फिल्म: चव्वेचाळीस.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

रोज येतात. अकराला. मी रोज सांगते, फोन नाही घेतला, चुकले. ते हात थोपटतात.

फिल्म: एकाहत्तर. मॅडम खूश.

एक गोष्ट विचित्र. बाबा काम करताना एक धून शिट्टीवर वाजवायचे. आज ती आठवेना. सुरुवातही नाही. संध्याकाळी आईला विचारलं, तिनं फोनवर गुणगुणून दाखवली. लगेच आली. दोघी मिळून गुणगुणलो, दोघी रडलो.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

आईला म्हटलं, ती धून पुन्हा म्हण ना. म्हणाली, कुठली धून? ते कधी शिट्टी वाजवायचे? काहीतरीच तुझं.

मला वाटलं, दमली असेल.

आज त्यांच्या दुकानाचं दार कुठल्या रंगाचं होतं ते आठवेना. आईला विचारलं. निळं, म्हणाली.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

आईला दार आठवत नाही. म्हणाली, दुकानाला दार होतंच ना काहीतरी.

तो हात माझ्यातली एक आठवण काढून घेतो. मी आईकडून भरून घेते. रिकामी जागा तिच्याकडे जाते.

मीच नेतेय. मीच विचारत होते.

फिल्म: अठ्ठ्याण्णव.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

आजोबांना बुटाबद्दल पुन्हा विचारलं. या वेळी हसले नाहीत. म्हणाले, पहिल्या वर्षी त्यांचीही पेटी पाच नंबरचीच होती. फिल्म फार सुंदर यायच्या, तेवढ्या पुन्हा कधी आल्या नाहीत. एका बाईचे फोन यायचे. खूप रडायची, मग रडायची थांबली, मग फोनही थांबले. प्रबंध लिहून तयार आहे, पण सादर करवत नाही. काहीतरी राहिलंय असं वाटतं, म्हणून थांबलोय, म्हणाले.

अजूनही कधीकधी अकराला पेटीत हात घालून बसतात. म्हणाले, आता कोणी येत नाही. कोण यायचं ते मात्र सांगता येईना.

बूट माझ्या तळहातावर ठेवला. माझ्या मधल्या बोटाएवढा. मला विचारलं, तुला काय वाटतं, किती वर्षांचं असेल?

१९ ऑक्टोबर, सोमवार

आज हात घातला नाही. पेटीसमोर बसून राहिले.

हातमोजा आत वळला. इकडे तिकडे चाचपडला. हॉटप्लेटवर पडला, रबरातून धूर निघाला. तरी चाचपडत राहिला. म्हातारा माणूस पडलेला चष्मा शोधतो तसा.

मी घातला हात. कोणाला जमलं असतं?

२१ ऑक्टोबर, बुधवार

आईला मी काही विचारलं नाही. तिनंच फोन केला. आवाज इतका हलका, किती दिवसांनी. बरं वाटलं, आणि मग ती म्हणाली, अगं, घरात एक किल्ली सापडलीये, कुठली आहे गं? दुकानाचीच असणार ती. म्हटलं, आई, मी फ्यूज बोलतेय. म्हणाली, फ्यूज? मीटरचा का? गेलाय का तिकडे?

न विचारताही जातंय तिच्याकडे.

फिल्म: एकशे बारा.

२२ ऑक्टोबर

वही पहिल्यापासून वाचली. कळलं सगळं. पण दुसऱ्याच कोणाचे तरी वडील वाटले. चांगला माणूस होता. प्लॅस्टिकचा विनोद वाचून हसू आलं.

मग रडू आलं, पण कशासाठी ते —

उद्यापासून पेटी बंद. मॅडमना सांगणार. आईकडे थोडं तरी राहू दे.

२३ ऑक्टोबर

मॅडमना सांगितलं नाही.

अकराला त्यानं माझा हात धरला आणि सोडेना. त्यालाही कळतंय की मी —

आई फोनवर म्हणाली, आपण दोघीच तर होतो ना पहिल्यापासून. आनंदात होती.

२६

पहिल्या पानावर कोणाचं तरी अक्षर आहे. रोज चार ओळी.

चार होत नाहीत.

२७

उजव्या हातानं लिहितेय. डावा आत आहे. वही काचेला टेकवलीये.

हात आला. वाकडा अंगठा. भीती नाही वाटत. भीती याची वाटते, की तो कोणाचा तरी आहे आणि मी —

तीनदा दाबलं.

पुन्हा तीनदा. काहीतरी विचारतोय. याला उत्तर असतं, मला माहीत होतं. आधीच्या पानांत असेल, पण वही धरून पानं उलटायला डावा हात बाहेर काढावा लागेल, आणि हा सोडला तर —

पुन्हा. हळू दाबतोय आता. दमलाय. थांबा हो, सांगते. किती वेळा दाबायचं असतं, एकदा की —