धक्क्याचा चौथा बोल्ट

प्रिय ग्वेन,

वाचनालयामागे गाडी लावून, स्टिअरिंगवर वही टेकवून लिहितेय. अक्षर सांभाळून घे. घरी नवऱ्यासमोर लिहिणं अशक्य आहे. लाइल दर दहा मिनिटांनी स्वयंपाकघरात येतो, फ्रिज उघडतो, काही न घेता बंद करतो आणि माझ्याकडे बघून निघून जातो. मीही काही कमी नाही. सकाळपासून तीनदा कपाटं पुसली. आत्ता पहिली ओळ लिहिली आणि गाडीभोवती चक्कर मारून आले. गुरुवारी तुझ्या वकिलासमोर माझी शपथेवर साक्ष आहे, तुला ठाऊकच असेल. तुझं दुसरं ऑपरेशन त्या साक्षीवर अडलंय आणि आमचं घरही, त्यामुळे एका जागी बसवत नाही.

चार महिने झाले, मी तुझ्या दारात पाऊल टाकलं नाही. आपल्या दोन घरांमध्ये सात बर्चची झाडं, तेवढंच अंतर. तुझ्या पायऱ्यांवर चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधला, तेव्हा चर्चमधले सगळे हातोडे घेऊन आले होते. लाइल तेवढा नव्हता. मी खिडकीच्या पडद्याआड उभी राहून खिळे ठोकल्याचे आवाज ऐकत होते. तू एकदा आमच्या घराकडे पाहिलंस. मी खाली बसले गं, चोरासारखी.

कारण सांगते. तू तळ्यातल्या आमच्या धक्क्यावर पडलीस, त्याच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या विमा कंपनीच्या वकीलबाईंचा फोन आला. तुझ्याकडे यायचं नाही, चिठ्ठी पाठवायची नाही, आणि सॉरी तर चुकूनही म्हणायचं नाही. मी विचारलं, 'निदान हॉटडिश नेऊन देऊ का?' बाई म्हणाल्या, 'काहीही देऊ नका. उद्या तोच कबुलीजबाब म्हणून दाखवतील.' आपल्याकडे कुणाचं मांजर मेलं तरी शेजारून ओव्हनमधली गरम हॉटडिश भांडं भरून जाते, हे त्या शहरातल्या बाईला कोण सांगणार! तुझ्यासाठी केलेली ती हॉटडिश आम्ही दोघांनी चार दिवस खाल्ली.

मग तुझी नोटीस आली. लाइल असा भडकला की विचारू नकोस. 'तीस वर्षं माझ्या धक्क्यावर बसून मासे पकडले आणि आता माझ्यावरच खटला!' मी त्याला म्हटलं, 'अरे बाबा, तिनं खटला भरल्याशिवाय कंपनी पैसा सोडणार आहे का? खटला तुझ्या नावावर, पैसे त्यांचे.' पटलं त्याला, पण ते दोन दिवसांनी. मला मात्र ती नोटीस वाचून हायसं वाटलं होतं. खरंच सांगते.

आणि हा छत्री विमा मुळात घ्यायला लावला कुणी? तूच ना! कॅरिननं गाडी शिकताना तुमची टपालपेटी उडवली, त्याच आठवड्यात तू मला हाताला धरून विमावाल्या कर्टिसच्या ऑफिसात नेलंस. 'अगं मार्लिस, आज पेटी उडवली, उद्या पोरगी माणूस उडवेल. घरादारावरून नांगर फिरेल तुझ्या!' कर्टिसनं समजावलं, गाडीच्या किंवा घराच्या विम्याची रक्कम अपुरी पडली की त्याच्यावर हा दहा लाखांचा उघडतो, म्हणून नाव छत्री. लाइल कुरकुरला, 'वर्षाला दोनशे डॉलर घेतात, आणि हातात साधी छत्री तरी देतात का?' तुझ्या नाकातून कॉफी आली होती हसताना. वीस वर्षं आम्ही ते पैसे भरले ते तुझ्यामुळे. पहिल्यांदा ती उघडायची वेळ आली तीही तुझ्याचसाठी, आणि कंपनी म्हणते उघडणार नाही.

त्यांचं म्हणणं, तुझ्या पायात घरातल्या सपाता होत्या, एका हातात खुर्ची, दुसऱ्या हातात गळ. तेव्हा अर्ध्याहून जास्त चूक तुझीच. तसं ठरलं तर तुला एक डॉलरही मिळायचा नाही. वाचून माझं अंग जळलं. तुझ्या त्या सपाता पंधरा वर्षं त्या धक्क्यावर चालल्यात. पण त्यांना बोलायला जागा कुणी दिली, ते आता लिहिते. मघाशी पुन्हा एकदा उतरून चक्कर मारली.

तळ्यावरचा बर्फ फुटल्यावर, हिवाळाभर काठावर ठेवलेला धक्का आपण पुन्हा पाण्यात उतरवला तो दिवस. लाइलचा गुडघा धरलेला, म्हणून त्याची छातीपर्यंतची रबरी विजार चढवून मी पाण्यात शिरले. तू काठावरून ओरडलीस, 'बये, पेंग्विन दिसतेस!' शेवटच्या भागाला चार बोल्ट लागतात. तीन बसवले. बोटं बधिर झालेली, चौथा सटकून पाण्यात गेला. पायानं चाचपला, सापडला नाही. काठावर सगळे खोळंबले होते, तुझ्या रुबार्बच्या वड्या झाकून ठेवलेल्या, कॉफी निवत होती. खिशात तार होती, तीच गुंडाळली. म्हटलं, शनिवारी दुकानातून बोल्ट आणू. एक शनिवार गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. विसरले असं म्हणायचीही सोय नाही, कारण दर शनिवारी आठवायचं. मग तुझ्या पायाखाली तो भाग हलला आणि तू पडलीस.

त्याच संध्याकाळी लाइलनं ती तार काढली, नवा बोल्ट बसवला. दुसऱ्या दिवशी फोनवर बाईंनी विचारलं, सगळे बोल्ट जागेवर होते का? बोलणं रेकॉर्ड होत होतं. लाइल समोर उभा होता. मी म्हटलं, 'हो, सगळे होते.' बस, तेवढंच. तुझ्या सपातांवर सगळा दोष आला तो या तीन शब्दांमुळे.

काल कर्टिसकडे गेले. म्हटलं, समजा एखाद्यानं आधी खोटं सांगितलं आणि मग खरं सांगितलं तर? त्यानं पेन खाली ठेवलं. 'मार्लिस, हे मी ऐकलं नाही. कंपनी हात वर करू शकते. मग घर, तळ्याकाठची जमीन, सगळं उघड्यावर.' लाइलला कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, 'एकदा बोललीस ना, आता तेच धरून राहा.' तो वाईट नाही गं. ते घर त्याच्या वडिलांनी हातांनी बांधलं, ते कॅरिनला मिळावं एवढंच त्याला हवंय. तो घाबरलाय. मीही घाबरलेय.

माफी मागायला हे पत्र लिहिलं नाही, ती मागायची मला लाज वाटते. मी स्वतःला ओळखते म्हणून लिहिलं. गुरुवारी लाइल शेजारी बसेल, बाई डोळे वटारतील, आणि मी पुन्हा 'सगळे होते' म्हणून मोकळी होईन. तुलाही ओळखते. हे वाचून तू रडशील, आणि आमचं घर जाऊ नये म्हणून पत्र चुलीत घालशील. ग्वेन, तसं करू नकोस. खाली पूर्ण नावानं सही केलीय, तारीख घातलीय. आजच्या आज हे तुझ्या वकिलाच्या हातात दे.

तुझीच,
मार्लिस एलेन स्वेनबी
मंगळवार, १४ ऑक्टोबर