आईला हळद, सासूला जेल

३ नोव्हेंबर १९९६
पोचले एकदाची धुळ्याला. एसटीत केळीचा घड मांडीवर घेऊन बसले. पारोळ्याला एकानं नुसतं बोट लावलं, तर त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली. स्टँडवर जीवराम आला होता. माझा एकुलता एक, औषधी कॉलेजात मास्तर. म्हणाला, आई, आता इथंच राहायचं. मी म्हटलं, ट्रंक काय फिरवायला आणलीय? प्रौढ वर्गात मिळालेली वही सोबत आहे. रोज चार ओळी लिहीन, म्हणजे हाताची सवय मोडणार नाही.

घर छान. नळाला पाणी, खिडकीला वारा. खिडकीशी गादी आणि गादीवर सुनेची आई द्रौपदाबाई, पिंपळनेरची. साखरेचा आजार, डाव्या पायाला दोन महिन्यांची जखम. जयभीम घातला. म्हणते कशी, "बसा विहीणबाई, हाई तुमनंच घर शे." माझ्या लेकाच्या घरात ही मला बसायला सांगते!

५ नोव्हेंबर
फ्रिजमध्ये दुधाशेजारी जीवरामचा एक डबा असतो. त्यात तळहाताएवढ्या चकत्या, काचेसारख्या स्वच्छ, हलवल्या की थरथरतात. त्याला जेल म्हणतात. कॉलेजात तोच बनवतो. गोठवायचं, वितळू द्यायचं, परत गोठवायचं. जवळजवळ सगळं पाणीच, पण सांडत नाही. डॉक्टरांना विचारून सासूच्या पायावर लावतो. मी विचारलं तर लहान पोरीला सांगावं तसं सांगितलं, की हे जखमेतला पू पितं, जंतू मारतं आणि स्वतःच्या पोटातलं औषध हळूहळू आत सोडतं. पितं आणि सोडतं. वापरलेली चकती झाकणाच्या डब्यात टाकायची, ती कॉलेजात जाळतात. तिला हात लावायचा नाही, असं दोनदा बजावलं.

जळगावला केळीच्या बागेत कामाला होते तेव्हा आम्ही जखमेवर तिथलंच कोवळं पान बांधायचो, ते चिकटत नाही. हे सांगितलं तर नुसता हसला.

१० नोव्हेंबर
रोज सकाळी कॉलेजला जाण्याआधी लेक सासूच्या पायाशी गुडघे टेकून बसतो. ती "जावईबापू, जावईबापू" करत पाय पुढे करते. नात तिला आजी म्हणते, मला जळगावची आजी. मी जळगावची, तर ही काय आभाळातून पडली? सहीसुद्धा येत नाही बाईला, अंगठा उठवते. जीवरामला मी बागेत जन्म दिला, घड उतरवायच्या दिवशी. नाळ माझ्या हातानं विळ्यानं कापली. ही आयती आई झाली.

आज विळीवर बोट कापलं. थोडं मुद्दामच खोल जाऊ दिलं, वहीत खोटं कशाला लिहू? जीवरामनं पाहिलं न पाहिलं केलं. म्हणाला, एवढंसं तर आहे, धू आणि हळद लाव. जेल मामींपुरतंच आहे. आईला हळद, सासूला जेल!

११ नोव्हेंबर
तिच्या पायावरची काढलेली चकती डब्यातून उचलली. आमच्याकडे जखमेची चिंधी उकळून सातदा वापरतात. टाकून देणारी अवलाद आमची नाही. उकळून गार केलेल्या पाण्यात ठेवली, तशी फुगली आणि पहिल्यासारखी काच झाली. बोटाला बांधून वर फडकं गुंडाळलं. गार वाटलं. आता आम्ही दोघी बरोबरीच्या.

१३ नोव्हेंबर
बोट भरलं, खूणसुद्धा नाही. पण चकती सुटत नाही. तिची कडच सापडत नाही.

चहात तीन चमचे साखर घातली. मी कधी गोड पीत नाही.

भाजी निवडताना सुनेला, सुनंदाला, सांगत होते, पांझरेच्या काठी चिंचेला झोका होता, दोर तुटून माझा दात पडला होता. ती बघतच राहिली. म्हणाली, हे तुम्हाला आईनं कधी सांगितलं? सांगितलं नाही. मी पिंपळनेर पाहिलेलंही नाही.

१४ नोव्हेंबर
डाव्या पायाला मुंग्या. द्रौपदाबाई आज काठीशिवाय ओट्यापर्यंत चालली. जीवरामनं टाळ्या वाजवल्या. मीही उठले, तर पाय जमिनीला टेकला ते कळलंच नाही.

१५ नोव्हेंबर
पायाला जखम. तिच्या होती तिथेच.

बोट उजेडात धरलं. आरपार दिसतं. पलीकडे खिडकीचे गज दिसले.

जीवरामला सांगायला हवं. पण डब्याला हात लावला म्हणून तिच्यासमोर रागवेल, आणि ती गालात हसेल. नको. उद्या सांगेन.

१६ नोव्हेंबर
सांगायला गेले. तोंड उघडलं, पण त्याचं नाव —

घड उतरवायचा दिवस होता. विळा होता. कोणाच्या हातात होता?

पितं आणि सोडतं. तिचं सोडतंय माझ्यात, आणि माझं —

विळी घेते. बोटच काढून टाकते.

१७ नोव्हेंबर
विळी सापडत नाही. स्वतःच्या घरात विळी सापडत नाही. हाई मनं घर — नाही. माझं. माझ्या लेकाचं. त्याचं नाव जी —

१८
जावईबापूंनी पायाला नवं जेल लावलं. बठ्ठं अंग गार वाटलं. रडत होते, "आई, आई" करत होते. मी म्हटलं, मी नही हो, तुमनी आई कुठे शे? दोन दिवस झाले, दिसनी नही. तोंडानी तिखट, पण लेकवर जीव व्हता तिचा.

खिडकीशी कोन बाई उभी शे, मना लुगडामा?

उशीखाली ही वही सापडनी. विहीणबाईनी असावी. पेनही शे. हातातच शे.

माले तं लिहिता येस नही. मंग हाई कोन लि