डावी सीट

मी, ज्योत्स्ना रविकांत सोनकांबळे, वय ६४, रेल्वे कार्यालयातून निवृत्त, राहणार नांदेड, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे. पाच वर्षांपूर्वी गाडी घेतली तेव्हाही शाबूतच होती. ज्यांना शंका आहे त्यांच्यासाठी डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्यात तक्रार फक्त हृदयाची आहे.

१. फ्लॅट व ठेवी पती रविकांत यांना, त्यांच्या पश्चात मुलगा आनंदराज व मुलगी धम्मप्रिया यांना निम्म्या-निम्म्या. यावरून भांडू नये.

२. पाने, जॅक वगैरे हत्यारे उदगीरचे मेकॅनिक महांतेश यांना. उदगीरला आनंदराजच्या लग्नात भावकीने गाडी सजवताना मागची जाळी झेंडूने गच्च भरली. इंजिन पुढेच असते, असे सगळ्यांचे ठाम मत. हिचे इंजिन सीटांच्या मागे आहे, हवा त्या जाळीतून जाते, हे मी तीनदा सांगितले होते. गाडी अर्ध्या वाटेत तापून थांबली आणि नवरा-नवरी टमटममधून मंडपात आले. महांतेश दोन दिवस पाकळ्या काढत होते.

३. गाडी लाल, जुनी, जपानी, दोन सीटची. ट्रॅक्टरपेक्षा स्वस्तात मिळाली. "एवढ्यात सात माणसांची आली असती," हे ऐकून कान किटले. आली असती. माझे सासरे बैलगाडी भरताना वजन चाकांच्या मधोमध घेत, म्हणजे गाडी पुढे दाबत नाही, मागे उलाळत नाही. हिचेही वजन तसेच मध्ये आहे. लोह्याच्या रस्त्याला वळणावर स्टिअरिंग जरासे फिरवले की ती आपल्याला घेऊन अलगद वळते. हे सुख पतीला द्यावे म्हणून घेतली.

पण दार उघडले की हे म्हणणार, "अक्काचे गुडघे दुखून राहिलेत. बसू दे तिला, मी येतो बसनं." आणि माझ्या नणंद पारूबाई बसल्या बसल्या विचारणार, "दोनच मान्सं? मंग हिला गाडी कशाला म्हनायचं?" पाच वर्षांत पती त्या सीटवर एकदाही बसले नाहीत. मला याचा फार राग आहे.

४. गाडी धम्मप्रियाला. विकू नये, वर कॅरिअर बसवू नये. डावी सीट रविकांत यांची, हयातभर. ती त्यांना कोणालाही देता येणार नाही, कोणी कण्हले तरी.

५. बाकी सर्व माझ्या मृत्यूनंतर. डाव्या सीटचे कलम आजपासून लागू. पती खाली गाडीत बसले आहेत. पट्टा मी स्वतः लावून आले आहे. साक्षीदारांनी सह्या कराव्यात आणि ज्यांना लोह्याला जायचे असेल त्यांनी बसने जावे.

नांदेड, दि. ९ नोव्हेंबर २०२४
(सही) ज्योत्स्ना र. सोनकांबळे

साक्षीदार:
१. मल्लिकार्जुन बिरादार, शेजारी (सही)
२. पारूबाई किशन ढवळे, लोहा (सही, गुडघे खरंच दुखून राहिलेत)