हाताला पाठ असलेली किल्ली

२ तारीख, सोमवार
पोहोचलो एकदाचा! दुकानाच्या वर दोन खोल्या. आतल्या खोलीत सकाळचं ऊन येतं, ती माझ्या लेकीची, चिमणीची. तिची आई गेल्यापासून पोर आत्याकडे, माझ्या धाकट्या बहिणीकडे आहे. माझा जम बसला की धाकटी तिला आणून सोडणार. खाली किल्ल्या कापायचं दुकान. मालकांचा यंत्रावर विश्वास नाही. कोरी किल्ली आणि कानस पुढे टाकून त्यांनी परीक्षाच घेतली. सकाळी कापलेली किल्ली मी संध्याकाळी नमुना न बघता जशीच्या तशी कापून दाखवली. एकदा कापलेली किल्ली माझा हात विसरत नाही. मालक म्हणाले, उद्यापासून ये, पण तुझ्याशी वैर नको रे बाबा. खूप दिवसांनी हसलो.

८ तारीख, रविवार
झोप नाही. रिकामं घर खायला उठतं. बोलावं कुणाशी? गिऱ्हाईक किल्ली घेतं आणि चालू पडतं. डॉक्टरांनी गोळी दिली. अगदीच डोळा लागला नाही तर अर्धी घ्या, रोज नको म्हणाले. औषधवाल्यानेही बजावलं, ही सावकाश उतरते, आजची उतरायच्या आत उद्याची घेतली तर अंगात साठत जाते. मी म्हटलं, एवढी काळजी तर सख्खा भाऊ करत नाही. घेतली आणि मेल्यासारखा झोपलो. काय सुख!

१९ तारीख, गुरुवार
आता रोज एक घेतो. दुपारपर्यंत डोकं जड, जीभ जाड. जिन्यात तोल गेला. मालक म्हणतात, काल एकाच गिऱ्हाइकाची किल्ली दोनदा कापलीस. मला पहिली आठवतच नाही. आणि सकाळी उठलो तर चहाचं भांडं कोमट. माझ्या झोपेत कुणीतरी घरात येतं, चहा करून जातं. बाहेरच्या दाराचं कुलूप बदललं.

२२ तारीख, रविवार
चिमणी आली! पुढचा दात पडलाय, त्या फटीतून शीळ घालते. धाकटीने मला नीट न्याहाळलं. म्हणाली, दादा, तुला बरं नसेल तर पोर परत नेते. मी ओरडलोच तिच्यावर. पोर गेली तर मी किल्ल्या कापायच्या कुणासाठी?

२४ तारीख, मंगळवार
चिमणी म्हणते, रात्री तो येतो. बाबासारखाच दिसतो, पण बाबा म्हटलं तर ओ देत नाही. तुलाही झोप येत नाही ना, म्हणाला आणि गोळी दिली, पाण्याचा पेला दिला. तिने गिळली नाही, उशीखाली लपवली. मला दाखवली.
माझीच गोळी.
गोळ्यांचं पाकीट पेटीत घालून कुलूप लावलं. पेटीची किल्ली, मीच कापलेली, नाल्यात फेकली.

२५ तारीख, बुधवार
थरथर. कानस हातात ठरत नाही. भिंती कुजबुजतात. औषधवाला घाबरला — गोळी एकदम बंद करायची नसते, फिट येईल, आजच डॉक्टरांकडे जा, ते हळूहळू कमी करतील. गेलो तर धाकटीला कळेल. कळलं तर पोर नेईल. नाही गेलो.
चिमणीच्या दाराला नवं कुलूप बसवलं, आतून-बाहेरून एकाच किल्लीने चालणारं. किल्ली एकच, मीच कशीबशी कापली, तिच्या गळ्यात घातली. सांगितलं, आतून लावून घे, ऊन येईपर्यंत उघडू नकोस. मी हाक मारली तरी नाही.

२६ तारीख, गुरुवार
थरथर थांबलीय. का —
नखांत पितळेचा कीस. पेटी उघडी. पाकीट रिकामं. पेटीची किल्ली तर नाल्यात —
मुठीत अजून एक किल्ली. नवीन. एकही दाता चुकलेला नाही —
चिमणीचं दार सताड उघडं. उशाशी पेला, रिकामा. उशीखाली पाहिलं. काही नाही. या वेळी काही नाही —
अंगावर ऊन आलंय तिच्या. हाक मारतोय. चिमणे, ऊन आलं गं, मीच आहे, बाबा — ओ दे —