कैलासवासी ताईबाईंना, मुक्काम गिरगाव

दोंडाईचा
चैत्र नुकता लागला, १९९५

कैलासवासी नणंदबाई ताईबाई यांना भावजय झुंबरबाईचा वाकून नमस्कार.

तुम्ही विसराळू, हे मला नवं नाही. माझ्या लग्नात माझ्याच ओटीतला नारळ फोडून खाल्लात आणि मग मांडवभर तोच शोधत हिंडलात. पण नणंदबाई, माणसानं आपण मेलो हेसुद्धा विसरावं? अमिनाबी मणेरीण मुंबईला लेकीकडे जाऊन आली, ती सांगत होती, ताईबाई गॅलरीत बसून लसूण सोलत होत्या आणि भाजीवाल्याशी भांडत होत्या. मेलेल्या बाईला हे शोभतं का? असो. तब्येत कशी आहे? गुडघे कसे आहेत? (कैलासाला चढ फार असेल.) आमच्याकडे सगळे मजेत. मला दात नाहीत, बाकी सगळं आहे.

आजवर आपले निरोप अमिनाबीच्या बांगड्यांच्या पेटीतून गेले. पण तिला आता निम्मं आठवत नाही आणि उरलेलं ती स्वतःच्या मनानं घालते, म्हणून हे पत्र. मला अक्षर येत नाही, तेव्हा नात हर्षला लिहिते आहे, म्हणजे आपल्या रतिलालची मुलगी. (आत्ताच तिच्या हातातून पेन पडलं. तिला वाटत होतं, तुम्ही खरंच गेलात. "आजी, त्या जिवंत आहेत?" म्हणून ओरडली. म्हटलं, हळू, बाप ऐकेल. लिही मुकाट्यानं.)

आता ही पोर लिहायची थांबून मला विचारते आहे, मग भिंतीवरचा हार कशाचा? तेव्हा तुम्हाला माहीत असलेलंच तुम्हाला पुन्हा सांगते, तिच्यासाठी. मामंजी तुम्हाला मुंबईला घेऊन गेले ते स्थळ दाखवायला. मुलाकडच्यांना द्यायला फोटो काढला. मुलानं नाकारलं, मुलगी उंच आहे म्हणून. पण फोटोवाल्यानं तो फोटो दुकानाच्या काचेत लावला आणि सिनेमाच्या कंपनीनं पसंत केला. तुम्ही मामाकडे आठ दिवस राहते म्हणून राहिलात, त्या अजून राहताच आहात. मुका सिनेमा होता तोवर तुमचं उत्तम चाललं. घोड्यावरून पडलात, विहिरीत पडलात, एका चित्रात तर राजाच्या गळ्यातही पडलात. (तेव्हा मामंजी आठ दिवस जेवले नाहीत. आठ दिवस म्हणजे सासूबाईंच्या डोळ्यांदेखत नाहीत.) मग मेला बोलका सिनेमा आला. अयोध्येची राणी महालात उभी, दासी पळून गेलेल्या, सगळं थेटर गप्प, आणि राणीनं तोंड उघडलं ते आपल्या अहिराणीत: "बठ्ठा लोके कोठे ग्यात?" धुळ्यात म्हणे लोकांनी फेटे उडवले. मुंबईत कंपनीनं तुम्हालाच उडवलं. पुढच्या चित्रात तुम्ही दासी, आणि दासीला बोलायला काही नव्हतं.

पण तुम्ही कसल्या बसता! साबणाच्या कंपनीनं सुंदर बायकांची स्पर्धा लावली, तुम्ही चालून आलात आणि चांदीचा कप घेऊन गेलात. छापून आलेला तुमचा तो फोटो आमच्याकडे आला तो खारकांच्या पुडीला. मामंजींनी पुडी सोडली, तर आत लेक! बिनबाह्यांचं पोलकं, हातात कप, आणि वर दात दाखवून हसते आहे. खारका तशाच सांडल्या. मामंजी उठले, विहिरीवर गेले आणि तुमच्या नावानं आंघोळ करून आले. आमची मुलगी वारली, म्हणाले.

आणि इथं सासूबाईंची अक्कल बघा. लग्न लहानपणीच झालेलं, पण नांदायला मी नुकतीच आले होते, चुलीमागून बघत होते. रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "वारली म्हणता ना? मग इतरांसारखा तिचाही फोटो भिंतीवर लागायला हवा." मेलेल्याचा हक्क नाकारायचा कसा? दुसरा फोटो घरात नव्हता, तेव्हा खारकांचा कागद धुळ्याला नेऊन मोठा करून आणला. आपल्या भिंतीवरचे बाकीचे मेलेले सगळे कर्ज मागायला आल्यासारखे बघतात, एकट्या तुम्ही कप घेऊन हसता. दंड झाकावेत म्हणून हार दुप्पट जाड. सासूबाई जन्मभर रोज सकाळी हार बदलायच्या निमित्तानं लेकीचं तोंड बघत राहिल्या.

आखाजीचंही तसंच. सगळ्या गावाच्या लेकी अक्षय्य तृतीयेला माहेरी येतात, झोक्यावर बसतात, गाणी म्हणतात. आणि आमच्या घरची लेक मात्र पितरांत. तुमच्या नावाची घागर भरायची, वर खरबूज, आपलं डांगर, ठेवायचं, सांजोरी आणि आमरसाचं पान कावळ्याला वाढायचं. सासूबाई गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. बाकीची पानं कावळे फस्त करतात. तुमच्या पानाकडे मान वाकडी करून बघतात आणि उडून जातात. मामंजी म्हणायचे, मेल्यावरही पोरीचा रुसवा जात नाही. मी आणि सासूबाई पदर तोंडात धरायचो. कावळ्याला कळतं, घरच्या पुरुषांना कळत नाही.

तर आता बातमी अशी. गेल्या साली आपल्या देशाच्या दोन पोरींनी जगातले मुकुट आणले, तेव्हापासून धुळ्याच्या लोकांना सौंदर्याचा ताप चढला आहे. तिथली एक मंडळी वर्गणीसाठी रतिलालकडे आली, चहा पिता पिता भिंतीकडे बघितलं आणि उभीच राहिली. "खान्देशची पहिली सौंदर्यसुंदरी!" (सुंदरीत आणखी सौंदर्य कशाला, हे मी विचारलं नाही.) आखाजीच्या दुसऱ्या दिवशी धुळ्यात 'कै. ताईबाई स्मृती सौंदर्यस्पर्धा' भरणार आहे. स्वागताध्यक्ष रतिलाल. ज्या आत्याचं नाव घरात घ्यायची चोरी होती, तिच्या नावाचा आता फाटकावर फलक लागला आहे. रोज कपाटाच्या आरशासमोर भाषण घोकतो. परवा हात वर करून म्हणत होता, "आत्यांनी त्या काळात उंबरठा ओलांडला!" तेवढ्यात हर्षला चपला घालून दारात दिसली. हात तसाच वर ठेवून म्हणाला, "कुठं निघालीस? ये आत!"

कारण हर्षलाला त्या स्पर्धेत चालायचं आहे. रतिलाल म्हणतो, आपल्या घरातल्या मुली असलं करत नाहीत. तिला शिरपूरचं स्थळ बघतो आहे. त्यांच्यासाठी धुळ्यात नेऊन फोटो मात्र काढला, तीन प्रकारचा, एक बाजूनं. मला विचाराल तर या स्पर्धा म्हणजे बैलबाजार. चालवून बघतात, वळवून बघतात, दात मोजतात. पण मला बघायला तुम्हीच सगळे आला होतात ना? मलाही चालवलं, वळवलं, केस सोडायला लावले. कप कुणी दिला नाही.

तर एवढंच की, तुमचं नाव वापरतो आहोत. मेलेली माणसं हरकत घेत नाहीत, तरी आपली रीत म्हणून कळवलं.

तुमची भावजय,
झुंबरबाई (अंगठा)

ता. क. नुसतं कळवायला मी एवढं लिहवलं असं समजू नका. आखाजीला या. सुरतेकडून येणाऱ्या गाडीनं या, स्टेशनावर अमिनाबीचा नासीर उभा राहील. भाषण नको, रुसवा नको. कडुनिंबाला झोका बांधून ठेवते, त्यावर बसा. रतिलाल आला की एवढंच विचारा, "भाऊच्या पोरा, माझ्या स्पर्धेत माझीच नात का नाही?" जिवंत आईचं तो ऐकत नाही. मेलेल्या आत्याला काय उत्तर देतो ते बघायचं आहे.

ता. क. दुसरा. (आजीला सांगू नका, पण मी स्पर्धेत पडेनच, तुम्ही या किंवा नका येऊ. या मात्र. - हर्षला.) काय लिहिलंस गं? म्हणते, पत्ता लिहिला. एवढा लांब पत्ता?

ता. क. तिसरा. खरं सांगू, स्पर्धा मरो. मला 'झुंबरे' म्हणून हाक मारणारं आता तुमच्याशिवाय कुणी उरलं नाही. या वर्षी तुमची घागर भरणार नाही, मी मडकंच आणलेलं नाही. तेव्हा पान हवं असेल तर पाटावर बसून जेवावं लागेल. आणि येण्याच्या आठ दिवस आधी माहीमचा हलवा पाठवा, मऊ, माझ्या हिरड्यांना चालेल असा. डबा रतिलालच्या नावे पाठवा आणि पाठवणाऱ्याच्या जागी तुमचं नाव ठळक घाला. सही करून त्यालाच घ्यावा लागेल. केशरी नको, पिवळा पाठवा.