दोन मुठींची पेटी

ता. ४ फेब्रुवारी

चि. नातीस,
अनेक आशीर्वाद.

आजी नावाची एक बाई तुझ्या ओळखीची होती, आठवते का? बुटकी, दोन्ही कानांनी अर्धी बहिरी, तुझ्या वेण्या घालून घालून बोटं वाकडी झालेली? दोन महिन्यांनी तुझं पत्र आलं, तेही आजोबांच्या नावे आणि नुसत्या मापांचं. मला काय, तर शेवटी समासात कोंबलेला एक नमस्कार. फोन मला ऐकू येत नाही आणि ह्यांना आवडत नाही, तेव्हा पत्राला पर्याय नाही हे विसरू नकोस.

नेहमीसारखं मी सांगते आणि हे लिहितात. तुझ्या त्या सिंथेसायझरचं चित्र भिंतीला लावलंय. नुसती बटणं, भोकं आणि वायरी. वाद्य म्हणे! फुंकायचं नाही, ठोकायचं नाही. या भोकातली वायर त्या भोकात घातली की आवाज बदलतो, हे ह्यांनी मला तीनदा समजावलं, मी तीनदा मान हलवली. त्याला घर हवं म्हणून चाळीस वर्षं कपाटं केलेला सुतार पुन्हा रंधा घेऊन बसलाय. खोलीभर भुसा. मी जवळ गेले की हाकलतात. म्हणतात, कामाजवळ रडकं तोंड नको, सांधा वाकडा बसतो.

आता एक महत्त्वाचं सांगते, नीट लक्ष देऊन वाच. बटणांची खालची ओळ आडवी हवी की थोडी उचललेली, ते कळव. मनगट टेकायला पुढे किती जागा सोडू? इकडे सगळं ठीक. पेटी होईपर्यंत यायची घाई करू नकोस.

अक्रोड संपलेत. टरफलासकट पाठव, फळी आवळायच्या शिकंज्यात धरून फोडायला ह्यांना गंमत वाटते.

तुझी आजी
(लिहिणार, आजोबा)


ता. १५ फेब्रुवारी

ती. सौ. आजी आणि ती. आजोबांना
शि. सा. न.

आजी, दोन्ही कान पकडले. पण यायची घाई करू नकोस असं तू म्हणावंस? तुझं प्रत्येक पत्र ‘कधी येतेस’ने भरलेलं असतं. मी थोडी रुसलेय.

आजोबा, सध्या सगळं टेबलावर पसरलंय. चार तास वाकून मान आखडते. खालची ओळ जवळजवळ आडवी चालेल, वरच्या दोन माझ्याकडे कललेल्या हव्यात, म्हणजे बटणं बघायला उठावं लागणार नाही. मनगटाला चार बोटं जागा. मागे बिजागरीचं दार, आतली एक तार निसटली तर सगळं उचकटायला नको. आत गरम होतं, म्हणून हवेला फटी. आणि वर मधोमध एकच मूठ, सूटकेससारखी, कारण ने-आण मी एकटीच करते.

तुमचं अक्षर असं उतरणीला का लागलंय? चष्मा बदला. अक्रोड पाठवलेत.

तुमची लाडकी
नात


ता. ९ मार्च

चि. नातीस,
अनेक आशीर्वाद.

ह्या वयात मला नवी नोकरी लागली आहे. तुझी नि माझी बसायची उंची सारखी, म्हणून हे मला स्टुलावर बसवतात, पुढ्यात पुठ्ठ्याची पेटी ठेवतात आणि हात लांब कर म्हणतात. कोपर येईल तिथे पेन्सिलीची खूण. जिला स्वतःचं नावही वाचता येत नाही तिला विचारतात, वरचं बटण नीट दिसतं का. मी म्हटलं, बटण दिसतं, तुम्हीच दिसेनासे झालात पेटीमागे. माझी मान दुखली म्हणून दोनदा पुठ्ठा नवा कापला.

हे बघ, मी पुन्हा सांगते, ह्या वेळी हात जोडून सांगते. फळी हलकी घेतली आहे. चष्मा बदलला. अक्षर थंडीमुळे. मुठीचा विचार चालू आहे.

तुझी आजी
(लिहिणार, आजोबा)


ता. २ एप्रिल

चि. नातीस,
आशीर्वाद.

वरचा आशीर्वाद मी सांगितलेला नाही. खाली शिवणकाम करणाऱ्या बाई हे पत्र लिहितायत, त्यांनी आपणहून घातला.

तुझे आजोबा सोमवारी सकाळी गेले. छातीत पाणी झालं होतं. डॉक्टरांनी जानेवारीतच हात टेकले होते. मी तुला दोनदा कळवलं, ये म्हणून. दोन्ही वेळा तुझं उत्तर ह्यांनी वाचून दाखवलं की रजा मिळत नाही, जूनमध्ये बघते. मी म्हटलं, पोरगी त्या वायरींत पुरती गुंतली, आपली वायर कधीच काढून टाकली. ह्यांनी पुन्हा रंधा उचलला.

त्याच सकाळी बाई तुला फोन करायला निघाल्या होत्या. मी पदर धरून त्यांना बसवलं.

पेटी तयार आहे. माणूस पाठवून ने. तू यायची गरज नाही.

आजी


ता. ७ एप्रिल

ती. आजीस
सा. न.

तीनदा वाचलं, तरी खरं वाटत नाही.

आजोबांच्या दुखण्याचा एक शब्दही मला कुणी कळवला नाही. रजा मी मागितलीच नव्हती, कारण घाई करू नकोस असं तुझंच पत्र होतं. तुझी दोन्ही पत्रं सोबत परत पाठवतेय. बाईंना मोठ्याने वाचायला सांग, दोनदा. माझी पत्रं आजोबांच्या हत्यारांच्या खणात असतील, तीही वाचून घे.

मग बोलाव किंवा बोलावू नकोस. बॅग भरून ठेवली आहे, पण तू नको म्हणालेल्या घरात पाऊल टाकायची माझी हिंमत नाही.

नात


ता. १२ एप्रिल

चि. नातीस,
आशीर्वाद. हा माझाच, सांगून लिहवलेला.

बाईंनी मशीन बंद ठेवून सगळी पत्रं वाचली. ‘नीट लक्ष देऊन वाच’ इथपर्यंत माझं आहे. पुढे मी म्हटलं होतं, ह्यांचे दिवस थोडे राहिलेत, हातातलं टाकून ये. ‘हात जोडून सांगते’ हेही माझं. फळी, चष्मा, थंडी ह्यांची. मी समोर बसून पेन चालताना बघत होते गं. मी बोलेन तेवढंच चालायचं, मी थांबले की थांबायचं. पन्नास वर्षं माझी जीभ आणि ह्यांचा हात. दुसऱ्या कुणाला वाचायला द्यावं असं मनातही आलं नाही.

तू आली असतीस तर उशाशी बसून रडली असतीस आणि पेटी राहिली असती, असा ह्यांचा हिशेब असणार. विचारू कुणाला? भांडायचं तर पेटीशी भांडते. ती निमूट ऐकून घेते, ह्यांच्यासारखीच.

पण फोन अडवला तो ह्यांनी नाही, मी. तुला शेवटचं तोंड बघू दिलं नाही ते मी. ते कुणाच्या पेनावर ढकलू?

आता एक ऐक. तू वर एक मूठ मागितली होतीस. वर काहीच नाही. दोन बाजूंना दोन मुठी आहेत, एकटीला ती उचलतच नाही. परवा कोपऱ्यात सरकवायला बाईंना म्हटलं, डावीकडून धरा. त्यांचा पंजा मोठा, त्या मुठीत मावेना. मग मी धरून बघितली. बरोबर बसली, वाकड्या बोटांसकट. शेवटच्या दिवसांत हे माझा हात तासन्‌तास धरून बसायचे. मला वाटलं, मायेने.

तेव्हा माणूस पाठवू नकोस. उजवीकडची मूठ तुझ्या मापाची असेल, येऊन बघ.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायचा तर समोर बसून वाढव.

तुझी
आजी

ता. क. बाई म्हणतात, काही खायचं मागवा, चार दिवस नीट जेवला नाहीत. अक्रोड पाठव. पण ह्या वेळी गर काढलेले. शिकंजा मला फिरत नाही.